ग्रहण चंद्रास, की आमच्या अकलेस?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

२८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र तुमच्यापैकी पुष्कळांस आठवत असेल. वार शनिवार होता, कोजागिरी पौर्णिमा होती आणि त्याच रात्री चंद्रग्रहणही होते. आम्ही त्या रात्री पन्हाळा तालुक्यातील कोडोली गावी मुक्कामास होतो. पाऊस सरला होता, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. दक्षिणेस जोतिबाचा डोंगर स्पष्ट दिसत होता. उत्तरेस वारणेच्या काठापर्यंत उसाची पाने चांदण्यात चकाकत होती. चंद्र डोक्यावर, आणि त्याच्या जवळच गुरूचा ठळक तारा. असा देखावा पाहण्यास पैसा पडत नाही, तिकीट लागत नाही. अंगणात घोंगडे टाकले म्हणजे झाले. पण गल्लीत पाहावे तो दारे बंद!

ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घरी दोन म्हशी होत्या. संध्याकाळी धार काढली. किटली डेअरीवर गेली, फॅट लागली, नोंद झाली, दूध संघाची गाडी नेहमीच्या वेळी येऊन दूध घेऊन गेली. घरात मात्र कोजागिरीच्या दुधाचे पातेले चुलीवर चढले नाही. का? तर दुपारीच वेध लागले होते! बंधूंनो, हा न्याय नीट पाहा. वेधात काढलेले दूध विकावयास शुद्ध, पण ज्याने म्हैस सांभाळली, वैरण वाहिली, शेण काढले, त्याच्या पोराच्या ओठांस मात्र ते अशुद्ध! आम्ही विचारतो, वेधात काढलेल्या त्या दुधाची फॅट ग्रहणाने एका पॉइंटाने तरी कमी भरली काय? संघाच्या टाकीत ते नासले काय? शहरच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी त्याचाच चहा प्याला, तेव्हा कोणास विषबाधा झाली काय?

दूध राहिले तर एक वेळ राहो. त्याहून मोठी गोष्ट माजघरात चालली होती. त्या घरची सून सातव्या महिन्यात होती. दुपारपासून तिच्या पोटात अन्न नव्हते. पाणी मागितले तर सासू म्हणे, थोडा दम धर. विळी दूर ठेवलेली, सुईदोरा दूर ठेवलेला, खिडकीस जाड चादर लावलेली. ग्रहण लागावयाचे होते रात्री एक वाजून पाच मिनिटांच्या सुमारास, आणि सुटावयाचे होते सव्वादोनच्या पुढे. तोवर ती पोर न हलता, न झोपता भिंतीस टेकून बसली होती. आम्ही म्हाताऱ्या सासूबाईंस म्हणालो, "आई, तिला दोन घास खाऊ द्या, पाणी तरी द्या." त्यावर ती माउली आम्हांस म्हणाली, "तुमचं काय जातंय सांगायला? उद्या पोराचा ओठ फाटला तर तुम्ही येणार हाय का शिवायला?"

आम्ही त्या वेळी गप्प बसलो. खोटे कशास सांगावे? त्या प्रश्नास द्यावयाचे उत्तर आमच्यापाशी अर्धेच होते. ती बाई मूर्ख नव्हती, दुष्ट तर मुळीच नव्हती. सुनेवर व नातवावर तिची माया होती, आणि त्या मायेच्याच मानेवर कोणी तरी भीतीचे जू ठेवले होते. हा लेख म्हणजे त्या माउलीस आम्ही उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम ग्रहण म्हणजे काय ते पाहू. यास पोथी नको. रात्री दिवा लावा, दिवा व भिंत यांच्यामध्ये एक भाकरी धरा. भिंतीवर भाकरीची सावली पडते. दिवा म्हणजे सूर्य, भाकरी म्हणजे आपली पृथ्वी, आणि त्या सावलीतून सरकत जाणारा लिंबाएवढा गोळा म्हणजे चंद्र. पृथ्वीची ही सावली सुमारे चौदा लाख किलोमीटर लांब जाते. चंद्र आपणापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. तेथे त्या सावलीची रुंदी सुमारे नऊ हजार किलोमीटर भरते, आणि चंद्राचा व्यास साडेतीन हजारांच्या आतच आहे. म्हणून चंद्र त्या सावलीत सगळाच्या सगळा मावतो. मग दर पौर्णिमेस ग्रहण का नाही? कारण चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. बहुतेक पौर्णिमांस तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. कोजागिरीच्या त्या रात्री तो सावलीच्या कडेस जेमतेम शिवला, म्हणून त्याचा लहानसा तुकडा तेवढा काळा झाला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी तो पुरता बुडाला. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांस सावली लागली, ११ वाजून १ मिनिटापासून ८२ मिनिटे चंद्र सगळा सावलीत होता, आणि १ वाजून २७ मिनिटांस तो मोकळा झाला.

सगळा बुडालेला चंद्र काळा न दिसता तांब्याच्या हंड्यासारखा लालसर दिसतो. त्यात कोणाचे रक्त नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्याचे थोडे किरण वाकून आत जातात; निळा रंग वाटेतच विखरून जातो, तांबडा तेवढा पुढे पोचतो. संध्याकाळी पन्हाळ्याच्या मागे सूर्य बुडताना आभाळ ज्या कारणाने तांबडे होते, त्याच कारणाने ग्रहणातला चंद्र तांबडा होतो. त्या घटकेस पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत वा मावळत असतो, तेथील तांबडे फुटणे चंद्रावर जाऊन पडते. याहून सुंदर गोष्ट कोणत्या पुराणात आहे, ते आम्हांस दाखवा!

आता कोणी म्हणेल, हे साहेबाचे ज्ञान, आमच्या पूर्वजांस ते कोठून असणार? तर ऐका. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये आपल्या 'आर्यभटीय' ग्रंथात चंद्रास पृथ्वीची सावली झाकते असे स्वच्छ लिहिले. आमच्याच कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचला. महाराष्ट्राची पंचांगे शेकडो वर्षे त्याच्या आधाराने झाली, आणि त्यातही चंद्रास झाकणारी म्हणून भूमीची सावलीच सांगितली आहे. म्हणजे पंचांगात ग्रहणाची जी वेळ छापतात, ती राहूच्या भुकेवरून काढीत नाहीत, सावलीच्या हिशेबाने काढतात. त्या गणितास आम्ही हात जोडतो. ते मिनिटाबरहुकूम खरे ठरते. आमची तक्रार निराळीच आहे. गणित जाणत्यांनी आपल्या घरात ठेवले, आणि राहू तेवढा आमच्या दारी पाठवून दिला!

ही तक्रार आमच्या पदरची नव्हे. ब्रह्मगुप्त हा थोर गणिती. त्याने ६२८ साली लिहिलेल्या ग्रंथात सावलीचे गणितही दिले, आणि राहू न मानणारे आर्यभटासारखे लोक धर्मग्रंथांविरुद्ध जातात म्हणून त्यांचा निषेधही केला. सन १०३० च्या सुमारास अल्बेरुनी या परदेशी पंडिताने हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने ब्रह्मगुप्तास याच जागी पकडले आहे. ज्यास सावलीचा हिशेब येतो त्याने राहूची बाजू का घ्यावी, हे कोडे त्या परक्या माणसास पडले. आम्हांस ते पडत नाही. हिशेब सगळ्यांस कळला तर दक्षिणा कोण देणार?

ज्याच्या हाती पंचांग, त्याच्या हाती दुसऱ्याची भाकरी, हा नियम एका देशाचा वा एका जातीचा नाही. कोलंबस जमैका बेटावर १५०३ साली अडकून पडला. तेथील मूळ रहिवासी त्यास व त्याच्या खलाशांस अन्न पुरवीत होते. पुढे खलाशांच्या वर्तनास कंटाळून त्यांनी हात आखडता घेतला. कोलंबसापाशी युरोपात छापलेले पंचांग होते, त्यात २९ फेब्रुवारी १५०४ चे खग्रास चंद्रग्रहण नोंदलेले होते. त्याने पुढाऱ्यांस बोलावून सांगितले की, तुम्ही अन्न देत नाही म्हणून माझा देव रागावला आहे, आज तो चंद्राचा प्रकाश हिरावून घेईल. चंद्र उगवला तो काळवंडलेला आणि तांबडा. ते गरीब लोक आक्रोश करीत धान्य घेऊन धावले. कोलंबसाने ग्रहण किती वेळ आहे ते मोजून तेवढा वेळ प्रार्थनेचे सोंग केले, आणि अगदी वेळेवर देव प्रसन्न झाल्याचे जाहीर केले! तो साहेब गोरा होता, किरिस्ताव होता. पण भिक्षुकशाहीचा धंदा त्यास कोणी शिकवावा लागला नाही. शेतकऱ्याच्या घरातून जन्मापासून मरणापर्यंत व सणावारी धर्माच्या नावाने काय काय उचलले जाते, याचा झाडा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात घेतला. जमैकाच्या लोकांची हकीकत वाचून हसावयाचे असेल, तर आधी आपल्या उंबऱ्याकडे पाहून मग हसावे.

आणि येथे आमचेही माप आमच्या पदरात घालून घेतले पाहिजे. ग्रहण सुटले की आमच्या गावांतून मांगवाड्यातील बंधू "दे दान, सुटे गिराण" म्हणत दारोदार फिरत. राहूकेतूंशी त्यांचे नाते आहे, अशी कथा लोकांनी रचली होती. मग शास्त्री-पुरोहितास चांगले दान, आणि मांगास फाटके वस्त्र, जुने-पुराणे धान्य. तेही अशा समजुतीने की आपल्या घरचे पाप त्याच्या झोळीत गेले! हे दान देणारे हात कोणाचे होते? आमचेच, कुणब्याचे, माळ्याचे, सुताराचे, लोहाराचे. वरून आमच्या डोक्यावर जे पाप ठेवले ते आम्ही आमच्याहून खालच्या पायरीवर ढकलले. सावली पडली आकाशात, आणि विटाळ ठरला जमिनीवरचा माणूस! दुसऱ्याने आम्हांस हीन म्हटले तर आम्हांस राग येतो. मग हा हिशेब आम्ही कधी चुकता करणार?

आता वेधांचे शास्त्र पाहू. चंद्रग्रहणास तीन प्रहर म्हणजे नऊ तास आधी जेवण बंद. पण बाल, वृद्ध, आजारी व गर्भवती यांस सवलत! आम्ही म्हणतो, अन्नात जर खरोखर विष उतरत असेल, तर ते आजाऱ्यास सवलत देईल काय? दुर्बळास विष आधी मारते. तशीच दुसरी गंमत. शिजवलेले अन्न टाकावे, पण दूध, तूप, लोणचे यांत दर्भ किंवा तुळशीचे पान घातले की ती शुद्ध. म्हणजे जे महाग ते वाचले, भाकरी-कालवण तेवढे बाटले! आणि पाणी? भरलेली घागर उपडी करावयाची, नवे पाणी आणावयाचे. ज्यांच्या दारी नळ आहे त्यांनी हे खुशाल सांगावे. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात ज्या बाईने डोक्यावर हंडा वाहिला, तिला सांगून पाहा.

अलीकडे एक नवी जात निपजली आहे. ती राहूचे नाव घेत नाही, 'वैज्ञानिक कारण' सांगते. म्हणे ग्रहणात घातक किरण येतात. हे लोक दूरदर्शनच्या पडद्यावर व खिशातल्या मोबाईलवर बसलेले असतात, त्यांत सगळ्या जातींचे आहेत आणि आमच्याही घरचे शिकलेले पोर आहे. त्यांस आमचा साधा सवाल आहे. चांदणे म्हणजे चंद्रावरून परत आलेले ऊन. ग्रहणात ते कमी होते, नवे काही येत नाही. प्रकाश कमी झाल्याने अन्न नासत असेल, तर अमावास्येस चांदणे मुळीच नसते. त्या रात्री तुम्ही जेवता की नाही? एवढे मात्र सत्य म्हणून सांगतो की, सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. तेथे उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो, ग्रहणासाठी केलेला खास चष्मा लागतो. पण तो सूर्याच्या तेजाचा गुण आहे, राहूचा नव्हे. चंद्रग्रहण लहान पोरानेही उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे.

आता सासूबाईंच्या प्रश्नास येतो. माउली, पोटातल्या बाळाचा ओठ जुळतो तो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. टाळू जुळते ती सहाव्या ते नवव्या आठवड्यात. म्हणजे पुष्कळ बायांस दिवस गेल्याचे नुकते कळते न कळते तोच हे काम पुरे होत आलेले असते. तुझ्या सुनेला सातवा महिना होता. तिच्या बाळाचा ओठ कधीच जुळून गेला होता. तो फाडावयास आता कोणता राहू येणार होता? जगात सुमारे सातशे ते हजार मुलांमागे एक मूल असा ओठ वा टाळू घेऊन जन्मते. ते ग्रहणाच्या वर्षी जन्मते आणि बिनग्रहणाच्या वर्षीही जन्मते. जेथे वेध पाळतात तेथे जन्मते आणि जेथे वेधाचे नावही कोणी ऐकलेले नाही तेथेही जन्मते. तुझ्या गोठ्यातली गाभण म्हैस त्या रात्री वैरण खात होती, पाणी पीत होती. तिला वेध कोणी सांगितले? उसाच्या हंगामात आमच्या किती लेकीबाळी दिवस भरत आले तरी हातात कोयता घेऊन फडात उभ्या असतात! त्या कोयत्यास कोणते शास्त्र थांबवते? बाईस राबवावयाचे असले म्हणजे शास्त्र झोपते, आणि तिने दोन घास खावयाचे असले म्हणजे शास्त्र जागे होते, असा हा प्रकार आहे.

मग भ्यावयाचे कशास? तंबाखूस भ्या. ज्या घरात ग्रहणाच्या रात्री विळी लपवतात, त्याच घरात सकाळी मिश्रीची डबी सासूच्या हातून सुनेच्या हाती जाते! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदरपणी तंबाखू पोटात गेली तर मूल वजनाने कमी भरते, दिवस पुरे होण्याआधी जन्मते. आणि तंबाखूच्या धुरामुळे फाटलेल्या ओठाचा धोका वाढतो. गरोदरपणाच्या आधीपासूनचा मधुमेह आणि फेफऱ्यावरची काही औषधे यांनीही तो वाढतो. तेव्हा अशा बाईने आपल्या मनाने औषध बंद न करता दिवस राहण्याआधीच डॉक्टरास विचारावे. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून आणि पहिले तीन महिने घेतली, तर मेंदूच्या व मणक्याच्या जन्मदोषांस मोठा आळा बसतो. आणि गरोदर बाईस नऊ-नऊ तास उपाशी, तहानलेली ठेवणे हे बाळाचे रक्षण नव्हे. इतके करूनही एखादे मूल फाटक्या ओठाचे जन्मलेच, तर आईस दोष देऊ नका. "ग्रहणात काय केलेस?" असे तिला विचारू नका. ओठ शिवण्याची शस्त्रक्रिया होते आणि मूल चांगले बोलते, जेवते, शाळेत जाते. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या दोषाचा समावेश असून उपचारास पैसा पडत नाही. "तुम्ही येणार हाय का शिवायला?" या प्रश्नाचे उत्तर हे आहे, माउली. शिवणारा डॉक्टर आहे. राहूच्या नावाने दान घेणारा मात्र त्या दिवशी तुझ्या दारी येणार नाही.

हे धैर्य आपल्याच मुलखात झालेले आहे. वारणेपलीकडे सांगली जिल्ह्यात इस्लामपुरात २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी एका गर्भवती भगिनीने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसमोर भाजी चिरली, फळे कापली, खाल्ली, प्याली. एका उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तसेच ग्रहणानंतर जन्मलेल्या एखाद्या दुर्दैवी मुलाने राहूही सिद्ध होत नाही. पण एका बाईने सूप-विळी पुढे ओढली की गल्लीतल्या दहा बायांच्या मनातली भीती ढिली होते, हे त्या उदाहरणाचे मोल आहे.

कोणी म्हणेल, जुनी रीत आहे, पाळली तर बिघडले काय? बिघडले ते हे. त्या पोरीच्या घशास कोरड पडली. पोरांचे कोजागिरीचे दूध गेले. भरलेली घागर उपडी झाली. आणि सगळ्यांत मोठे नुकसान म्हणजे, आकाशात जे घडते ते आपणास कळणार नाही, दुसऱ्याने सांगावे व आपण भ्यावे, हा धडा मूल आईच्या मांडीवरच शिकले. जो आकाशाचा हिशेब दुसऱ्यावर सोपवतो, तो पुढे उसाच्या काट्याचा व सावकाराच्या वहीचाही सोपवतो. भीतीची सवय एकाच खोलीत राहत नाही.

सबब आमची विनंती एवढीच. ३१ डिसेंबर २०२८ रोजी रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. दिवस थंडीचे, आकाश बहुधा निरभ्र. साडेआठच्या पुढे सावली लागेल आणि दहा-साडेदहाच्या सुमारास चंद्र पुरता तांबडा होईल. त्या रात्री दारे उघडा. अंगणात घोंगडे टाका. म्हाताऱ्यांस बाहेर आणा, पोरांस झोपेतून उठवा. चंद्राची पूर्वेकडची कड आधी काळवंडते की पश्चिमेकडची, ते त्यांनाच पाहू द्या. सावलीची कड सरळ आहे की गोल, ते त्यांनाच सांगू द्या. ती गोल दिसली म्हणजे आपली धरती गोल आहे, हे पोर स्वतःच्या डोळ्यांनी शिकेल. चुलीवर दूध ठेवा. मांगवाडा आणि मराठवाडी एकाच घोंगड्यावर बसू द्या. आणि घरात कोणी गर्भवती असेल, तर दुधाचा पहिला पेला तिच्या हाती द्या.

कोडोलीच्या त्या घरी रात्री दोनच्या पुढे चंद्र पुन्हा पुरता उजळला. आम्ही अंगणात एकटेच उभे होतो. आत घागर उपडी केल्याचा आवाज आला, आणि मोरीतून पाणी वाहत गेले. चंद्रावरची सावली सव्वा तासात सुटली. आमच्या घरांवरची सुटावयास पंचांग लागत नाही; आतून कडी काढली पाहिजे.